नाव, नमुना आणि चिठ्ठी : एका भुंगेऱ्याच्या वर्गीकरणाचे परीक्षण

प्राणिशास्त्रावरील निबंधाचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अध्यापकाने करावे, हे प्रथमदर्शनी अनधिकाराचे वाटण्याचा संभव आहे. भुंगेऱ्याच्या शृंगिकांचे किंवा उदराचे जे वर्णन अशा निबंधात येते त्याच्या यथार्थतेविषयी मत देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही, आणि ते देण्याचा त्याचा विचारही नाही. तथापि संग्रहालयातील जुन्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे स्थान ठरविणे, तिला नाव देणे, किंवा पूर्वी दिलेले नाव एका वंशातून उचलून दुसऱ्या वंशात नेणे हा व्यवहार जितका कीटकांचा तितकाच शब्दांचाही आहे. शब्दांच्या बाजूने त्याची तपासणी मराठीत फारशी झालेली नाही. म्हणून स्टिलियानोस चात्झिमानोलिस ह्यांच्या, 'झूकीज' ह्या नियतकालिकात १२ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा येथे परामर्श घेण्याचे योजिले आहे. ही तारीख चार्ल्स डार्विनच्या जन्मदिवसाची आहे. निबंधाचा मथळा डार्विनच्या वारशाचा उल्लेख करूनच सुरू होतो, तेव्हा हा केवळ योगायोग नसावा.

निबंधाचा विषय थोडक्यात असा. सप्टेंबर १८३२ मध्ये 'बीगल' जहाज अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर बाईया ब्लांका येथे असताना डार्विनने एक भुंगेरा पकडला. ह्याच मुक्कामात जवळच्या पुंता आल्ता येथे त्याला नामशेष झालेल्या प्रचंड सस्तन प्राण्यांची हाडे मिळाली, आणि पुढील चरित्रकारांचे लक्ष साहजिकच त्या हाडांकडे लागले. भुंगेरा इतर किड्यांबरोबर इंग्लंडात पोहोचला. डार्विनने आपले कीटक निरनिराळ्या तज्ज्ञांकडे वाटून दिले होते. वॉटरहाऊसने त्यांतील अनेक भुंगेऱ्यांचे वर्णन केले, बॅबिंग्टनने पाणभुंगेऱ्यांचे केले. हा एक मात्र कोणाच्याच वाट्यास आला नाही. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात तो टाचणीवर पडून राहिला. चात्झिमानोलिस हे टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा येथील शाखेत ह्याच कुलातील एका उपविभागाचा अभ्यास करीत असताना संग्रहालयाकडून अभ्यासासाठी मागविलेल्या नमुन्यांत तो त्यांच्या दृष्टीस पडला.

हे कुल स्टॅफिलिनिडी ह्या नावाने ओळखले जाते. त्यातील भुंगेऱ्यांचे ढालपंख आखूड असतात, त्यामुळे उदराचा बराचसा भाग उघडा राहतो आणि पाहणाऱ्यास हा भुंगेरा आहे असे चटकन वाटतच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, आणि अंगावर चिरडला गेल्यास कातडीवर भाजल्यासारखा चट्टा उठविणारा बारीक लांबट काळा-नारिंगी किडा ह्याच कुलातला. ह्या कुलाच्या ६०,००० हून अधिक जातींचे वर्णन आजवर झालेले आहे. भारतातील जातींवर माल्कम कॅमरनने १९३० ते १९३९ ह्या काळात ग्रंथमाला लिहिली. डार्विनने पकडलेल्या नमुन्याच्या डोक्यावर व वक्षावर हिरवी चकाकी आहे आणि शृंगिका करवतीसारख्या दातेरी आहेत. ठाऊक असलेल्या कोणत्याही वंशात तो बसेना. बर्लिनच्या संग्रहालयात त्याचा एक जोडीदार आढळला. तो अर्जेंटिनातीलच रिओ क्वार्तो येथला, १९३५ पूर्वी केव्हा तरी पकडलेला. ह्या दोन नमुन्यांच्या आधारावर चात्झिमानोलिस ह्यांनी नवा वंश आणि नवी जाती स्थापन केली आणि तिला 'डार्विनिलस सेडारिसि' हे नाव दिले. पकडणे व नाव मिळणे ह्यांत १८१ वर्षांचे अंतर पडले. २०१२ मध्ये फाँतेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या गणनेप्रमाणे नव्या जातीचा नमुना हाती येणे आणि तिचे वर्णन छापले जाणे ह्यांत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात. डार्विनचा भुंगेरा अपवाद आहे तो कालावधीच्या प्रमाणापुरता. रीत नेहमीचीच आहे.

येथे परिभाषेविषयी एक सूचना करून ठेवणे अवश्य आहे. ह्या लेखात 'वंश' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत पहिल्यासाठी 'वंश' किंवा 'प्रजाती' व दुसऱ्यासाठी 'जाती' असे शब्द होते. अलीकडे वृत्तपत्रे 'नवी प्रजाती सापडली' असे सर्रास लिहितात आणि त्यांना अभिप्रेत असते जाती. हिंदीच्या वळणाने आलेला हा बदल आता थोपविता येणार नाही. परंतु ज्या शास्त्राचा सारा भर पायऱ्यांच्या भेदावर आहे त्याच्या भाषेत एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा राहावा, ही गोष्ट गैरसोयीची आहे खरी.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. 'डार्विनिलस सेडारिसि' ह्या नावाचा अर्थ काय? सामान्य वाचक म्हणेल, निबंधात जे वर्णन दिले आहे तोच अर्थ : हिरवे डोके, दातेरी शृंगिका, आखूड ढालपंख वगैरे. प्राणिशास्त्राचा नामसंकेत असे म्हणत नाही. त्याच्या मते नाव बांधलेले असते एका विशिष्ट वस्तूला, म्हणजे लेखकाने नेमून दिलेल्या एका नमुन्याला. त्यास होलोटाइप म्हणतात. वर्णन चुकीचे ठरले, अपुरे ठरले, पुढील अभ्यासकाने ते पार बदलून टाकले, तरी नाव त्या टाचणीवरच्या देहाला चिकटून राहते. 'टाइप' ह्या शब्दाचे भाषांतर काही ठिकाणी 'आदर्श नमुना' असे केलेले आढळते; ते दिशाभूल करणारे आहे. हा नमुना जातीचा उत्तम प्रतिनिधी असावा अशी अपेक्षाच नाही. तो पाय तुटलेला, रंग उडालेला किंवा आकाराने ठेंगू असला तरी चालतो. त्याचे काम नाव धारण करणे एवढेच आहे, म्हणून त्यास 'नामधारक नमुना' म्हणणे अधिक युक्त होईल.

संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास ह्या व्यवस्थेत एक जुना वाद ओळखू यावा. शब्दाचा अर्थ द्रव्य, म्हणजे समोरची व्यक्ती, असे व्याडी मानी. वाजप्यायन म्हणे की तो आकृती, म्हणजे त्या सर्व व्यक्तींत अनुस्यूत असणारे सामान्य. पाणिनीच्या १.२.६४ ह्या सूत्रावरील वार्त्तिकांत व महाभाष्यात हा वाद सविस्तर आला आहे, आणि दोन्ही पक्षांस आपापल्या अडचणी आहेत. जाती ह्या शब्दानेच ज्याचा निर्देश होतो त्या वस्तूचे नाव वाजप्यायनाच्या पक्षाचे असणार, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात प्राणिशास्त्राने दोन्ही पक्षांत कामाची वाटणी करून टाकली आहे. नाव ठेवताना ते व्याडीचे : ह्या पेटीतला, ह्या टाचणीवरचा, हा एक. नाव वापरताना मात्र ते वाजप्यायनाचे : बाईया ब्लांकाच्या माळरानावर असा कोणताही भुंगेरा उद्या सापडला तर त्यालाही तेच नाव. सॉल क्रिप्कीने १९७० मधील व्याख्यानांत नावे वर्णनावर अवलंबून नसतात, ती नामकरणाच्या प्रसंगापासून परंपरेने चालत येतात, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वी बराच काळ संग्रहालयांतील मंडळी नेमके हेच, फारसा गाजावाजा न करता, रोजच्या कामात करीत आली होती.

ह्या व्यवस्थेचा लाभ असा की वर्गीकरण बदलता येते. नाव वर्णनाला बांधलेले असते तर वर्णन बदलताच नाव निराधार झाले असते आणि मागील लेखकांचे सगळे उल्लेख संदिग्ध होऊन बसले असते. नाव नमुन्याला बांधलेले असल्यामुळे अभ्यासकाला पेटी उघडून, शंभर किंवा दोनशे वर्षांपूर्वी कोणी काय समजून हे नाव दिले ह्याचा विचार बाजूला ठेवून, ते नाव मुळात कशाचे आहे हे डोळ्यांनी पाहता येते. चूक दुरुस्त करण्याची सोय भाषेतच करून ठेवलेली आहे.

परंतु जातीचे नाव एका वंशातून दुसऱ्या वंशात गेले म्हणजे एक व्याकरणाची गंमत घडते, आणि तिच्याकडे आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. जातीचे नाव लॅटिन धाटणीचे असते. ते विशेषण असेल तर वंशाच्या नावाच्या लिंगाप्रमाणे त्याचा प्रत्यय बदलतो. दख्खनच्या माळावर सहा पांढऱ्या ठिपक्यांचा एक मोठा काळा भुंगेरा धावताना दिसतो. १७७५ मध्ये फाब्रिसिउसने त्याला कॅराबस वंशात घातले. कॅराबस पुल्लिंगी, म्हणून विशेषण 'सेक्सगुट्टाटस'. पुढे तो अँथिया वंशात गेला. अँथिया स्त्रीलिंगी, म्हणून आज आपण 'अँथिया सेक्सगुट्टाटा' असे लिहितो आणि फाब्रिसिउसचे नाव व वर्ष कंसात टाकतो. त्या कंसाचा अर्थ एवढाच, की मूळ नाव देताना जाती दुसऱ्या वंशात होती. मराठी वाचकाला ह्यात नवल वाटू नये : काळा भुंगा, काळी मुंगी, काळे पाखरू असे आपण बोलतोच. जातीचे नाव स्वतः नाम असेल तर मात्र ते बदलत नाही. कोकणातील नारळाच्या बागाइतदारास परिचित असलेला गेंड्या भुंगा लिनीअसने १७५८ मध्ये स्कॅराबेउस वंशात 'रिनॉसेरॉस' ह्या नावाने नोंदविला. आज तो ऑरिक्टेस वंशात आहे आणि गेंडा हा गेंडाच राहिला आहे.

तिसरा प्रकार षष्ठीचा. 'सेडारिसि' हे सेडारिस ह्या पुरुषनामाचे लॅटिन षष्ठी एकवचन. हे नाव दुसऱ्या कोणत्याही वंशात नेले तरी जसेच्या तसे राहील. येथे लॅटिनची रीत संस्कृतसारखी आहे आणि मराठीच्या उलट. मराठी षष्ठी विशेषणाच्या वळणाने जाते : सेडारिसचा भुंगा, सेडारिसची पेटी, सेडारिसचे पुस्तक. ज्याचे आहे त्यापेक्षा जे आहे त्याच्याकडे आपली षष्ठी पाहते. प्राणिशास्त्राचा नामसंकेत मराठीत रचला गेला असता तर व्यक्तींच्या नावांवरून दिलेली हजारो नावेही वंशबदलाबरोबर बदलावी लागली असती. ती आपत्ती टळली हे बरेच झाले.

लिंगसाम्याच्या ह्या नियमावर प्राणिशास्त्रज्ञांत वाद आहे. फुलपाखरांच्या अभ्यासकांपैकी पुष्कळजण तो पाळीत नाहीत. मूळ लेखकाने जसे लिहिले तसेच विशेषण ते ठेवतात. २००२ मध्ये सोमरर ह्यांनी ह्या बाजूने सविस्तर युक्तिवाद केला. बाकीचे बहुतेक शास्त्रज्ञ नामसंकेताला धरून आहेत. व्याकरणाच्या अध्यापकाने व्याकरणाचा नियम सोडून द्या असे म्हणावे हे विचित्र दिसेल, परंतु माझा कल सोमरर ह्यांच्याकडे आहे. 'सेक्सगुट्टाटा' हा शब्द आता सहा ठिपके सांगण्यासाठी वापरला जात नाही. एखाद्या नमुन्यावर चार ठिपके असले तरी नाव तेच राहील. जो शब्द वर्णन करीत नाही, केवळ निर्देश करतो, तो विशेषणाच्या रूपात असला तरी कार्याने विशेषनाम झालेला आहे, आणि विशेषनामाने लिंगाची चाकरी करावी असा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही. पांडुरंग हे नाव मुळात पांढऱ्या रंगाचे आहे म्हणून काळ्यासावळ्या पांडुरंगाचे नाव कोणी बदलीत नाही.

ह्या दृष्टीने पाहता चात्झिमानोलिस ह्यांनी दिलेल्या नावावर जी टीका होऊ शकते तिचा पुष्कळसा भाग गळून पडतो. वंशाला डार्विनचे नाव, जातीला डेव्हिड सेडारिस ह्या अमेरिकन विनोदी लेखकाचे. नमुने तयार करीत असताना आपण ह्या लेखकाची ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकत होतो, आणि त्याला निसर्गेतिहासाची आवड आहे, असे कारण निबंधात दिले आहे. भुंगेऱ्याच्या नावात भुंगेऱ्याचे काहीच नाही, हिरवा रंग नाही की दातेरी शृंगिका नाहीत, अशी तक्रार करता येईल. पण उद्या ह्याच वंशातील दुसरी जाती सापडली आणि तिच्याही शृंगिका दातेरी निघाल्या, तर शृंगिकांवरून दिलेले नाव खोटे नव्हे तरी निरुपयोगी ठरले असते. माणसाचे नाव खोटे ठरत नाही. नामकरणाच्या टिकाऊपणाच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाची आहे. रुचीचा प्रश्न वेगळा, आणि त्यात मी शिरत नाही.

माझा आक्षेप नावावर नसून मथळ्यावर आहे. मथळ्यात डार्विन आहे, त्याचा वारसा आहे, बीगलची सफर आहे; बर्लिनचा नमुना नाही. वृत्तपत्रांनी साहजिकच मथळा उचलला आणि डार्विनचा हरवलेला भुंगेरा सापडला अशा बातम्या जगभर छापून आल्या. वस्तुतः शास्त्रीय दृष्ट्या निबंधाचा निम्मा भार त्या दुसऱ्या नमुन्याने उचलला आहे. एकट्या डार्विनच्या नमुन्यावरून हा एक विकृत किंवा असाधारण भुंगेरा आहे की खरीखुरी जाती आहे, हे सांगणे अवघड होते. सुमारे साडेसहाशे किलोमीटरांवरच्या दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या काळात, दुसऱ्या माणसाने पकडलेला तसाच भुंगेरा मिळाला म्हणून एका देहाची जाती झाली. पाठचिकित्सेत एकाच पोथीत आढळणारा पाठ लेखनिकाचा प्रमाद म्हणून बाजूला ठेवता येतो; त्या पोथीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या पोथीत तोच पाठ मिळाला की संपादकाला थांबून विचार करावा लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हे तत्त्व किती काटेकोरपणे पाळले गेले आहे ते आपल्या विभागातील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. निबंधाच्या अंतरंगात लेखकाने दोन्ही नमुन्यांस न्याय दिला आहे, हे नमूद केले पाहिजे. मथळ्याने तो अर्धवट काढून घेतला.

मात्र डार्विनच्या नमुन्याची एक गोष्ट खरोखर असाधारण आहे, आणि ती त्याच्या पकडणाऱ्याच्या कीर्तीशी संबंधित नाही. ती आहे चिठ्ठी. डार्विन आपल्या नमुन्यांना क्रमांक बांधीत असे आणि त्या क्रमांकापुढे वहीत ठिकाण व अन्य तपशील लिहीत असे. टाचणीवर नुसता आकडा. अर्थ सगळा वहीत. म्हणजे वही हरवली तर आकडा मुका. कीटकांच्या ह्या टिपणांची संग्रहालयातील प्रत मुख्यतः डार्विनचा सेवक सिम्स कव्हिंग्टन ह्याच्या हस्ताक्षरात आहे, आणि १९८७ मध्ये केनेथ स्मिथ ह्यांनी ती संपादून प्रसिद्ध केली. ह्या संपादनामुळेच पुढील अभ्यासकाला टाचणीवरच्या आकड्यापासून बाईया ब्लांकापर्यंत आणि सप्टेंबर १८३२ पर्यंत जाता येते. ह्या साखळीतील कडी कोणती नाजूक होती ते पाहावे : देह टिकला, आकडा टिकला, वही टिकली, नकल करणाऱ्याने आकडे नीट उतरले, आणि दीडशे वर्षांनी कोणी तरी ते कंटाळवाणे काम हाती घेऊन छापले. चात्झिमानोलिस ह्यांच्या निबंधाला जे यश मिळाले त्यातील बराच मोठा वाटा स्मिथ ह्यांच्या संपादनासारख्या, ज्याची बातमी कोठे येत नाही अशा कामाचा आहे.

चिठ्ठी नसली म्हणजे काय होते, हे डार्विनच्याच दुसऱ्या प्रसिद्ध नमुन्यांवरून कळते. गालापागोस बेटांवरील फिंच पक्षी गोळा करताना कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा हे त्याने वेगळे लिहून ठेवले नव्हते. १८३७ च्या प्रारंभी जॉन गूल्डने ते पक्षी तपासून त्यांचे परस्परसंबंध दाखविले, तेव्हा बेटांचे महत्त्व डार्विनच्या लक्षात आले आणि कॅप्टन फिट्झरॉय व इतरांनी गोळा केलेल्या, बेटांच्या नावांसकट ठेवलेल्या नमुन्यांचा आधार त्याला शोधावा लागला. ज्याची थोरवी आपण गातो त्या निरीक्षकाने चिठ्ठीच्या बाबतीत केलेली ही कसूर भुंगेऱ्याच्या बाबतीत केली नाही, हे त्या भुंगेऱ्याचे नशीब.

आणि देहच गेला तर? २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय जळाले. त्यात सुमारे ५० लाख कीटकांचा संग्रह नष्ट झाला आणि त्यात अनेक नामधारक नमुने होते. ती नावे पुस्तकांत आहेत, वर्णनेही आहेत. परंतु त्या वर्णनांत एखादा संशय उत्पन्न झाला तर उघडून पाहण्यास पेटी नाही. नामसंकेतात अशा प्रसंगी नवा नमुना नेमण्याची तरतूद आहे. पण ती नव्याने केलेली निवड असते. मूळ लेखकाने ज्याच्याकडे बोट दाखविले ती वस्तू ती नव्हे. मूळ पोथी गहाळ होऊन छापील प्रत तेवढी उरते, आणि मग छापणाऱ्याने काय वाचले व काय सुधारले ह्यावर पिढ्यान्पिढ्या वाद चालतात, हा अनुभव मराठीच्या अभ्यासकांस नवा नाही.

निबंधातील आणखी एका गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. एकाच जातीसाठी नवा वंश स्थापन करणे ही गोष्ट वर्गीकरणकार सहसा संकोचाने करतात. एकच सभासद असलेला वंश म्हणजे एका अर्थी निषेधवाक्य आहे : हा अमुक वंशातला नाही, तमुक वंशातलाही नाही. भाषांच्या वर्गीकरणातही हाच प्रसंग येतो, आणि आपल्या अगदी जवळ येतो. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोद परिसरात आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात निहाली ही भाषा बोलणारी काही थोडी माणसे आहेत. ग्रिअर्सनने भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात तिला मुंडा भाषांत कोरकूच्या शेजारी बसविले. त्याचा आधार होता त्याच्याकडे आलेले 'नमुने'. हाच शब्द त्याने वापरला, आणि सर्वेक्षणाची रीतही संग्रहालयाचीच होती : प्रत्येक बोलीत उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर, एखादी स्थानिक कथा किंवा निवेदन, आणि २४१ शब्द व वाक्यांची ठरीव यादी. पुढे १९५७ मध्ये भट्टाचार्य ह्यांनी प्रत्यक्ष जाऊन केलेल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, १९६२ मध्ये कायपरने तिचा तौलनिक अभ्यास केला, आणि आज बहुतेक अभ्यासक निहालीस कोणत्याही ज्ञात कुलात न बसणारी भाषा मानतात. डेक्कन कॉलेजचे नागराज ह्यांचा तिच्या व्याकरणावरील ग्रंथ २०१४ मध्ये, म्हणजे भुंगेऱ्याच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. ग्रिअर्सनची चूक पुढच्यांना तपासता आली, कारण त्याने आपले नमुने छापून ठेवले होते. नुसता निष्कर्ष छापला असता तर तो खोडून काढणेही कठीण झाले असते.

चात्झिमानोलिस ह्यांनी आपला निष्कर्ष तपासता येईल अशा रीतीने मांडला आहे : नमुने कोठे आहेत, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांवर काय लिहिले आहे, हे सर्व निबंधात दिलेले आहे. नव्या वंशाची स्थापना पुढे टिकेल की नाही हे प्राणिशास्त्रज्ञ ठरवतील. ज्या प्रदेशातून हे नमुने आले तेथील माळरान मोठ्या प्रमाणावर शेतीखाली गेले असल्याने ही जाती नामशेषही झाली असेल, अशी शंका निबंधात व्यक्त केली आहे. ती रास्त आहे. परंतु दोन नमुन्यांच्या आधारे काही आहे असे म्हणता येते, नाही असे म्हणता येत नाही, आणि लेखकानेही ते ठामपणे म्हटलेले नाही.

हे परीक्षण लिहिताना एक घरगुती प्रसंग मनातून जात नव्हता, तो नमूद करून थांबतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अडगळीतून बोलीभाषांच्या नोंदींची एक पेटी माझ्याकडे आली. बारीक, सुबक अक्षरांत लिहिलेली शब्दपत्रे, प्रत्येक पाकिटावर एक आकडा, आणि आकड्यांचा अर्थ सांगणारी वही नाही. नोंदी करणारे गृहस्थ हयात नाहीत. उच्चार काळजीने टिपलेले आहेत, नात्यांच्या शब्दांची व शेतीच्या अवजारांची यादी उत्तम आहे, पण ती कोणत्या गावची, कोणत्या समाजातील, कोणत्या वर्षाची हे कळण्याचा मार्ग नाही. एकूण पाकिटे ३८. त्यांपैकी ११ पाकिटांची गावे आतापर्यंत ठरविता आली आहेत : चार ठिकाणी पत्रांमध्ये एस.टी.ची तिकिटे राहून गेली होती, दोन ठिकाणी देवस्थानाचे नाव आले होते, आणि बाकीची नांगराच्या भागांच्या नावांवरून, आमच्या विभागातील दोन विद्यार्थ्यांनी वऱ्हाडात व खानदेशात हिंडून जुळविली. उरलेली २७ पाकिटे विभागाच्या कपाटात आहेत. ज्यांस पाहावयाची असतील त्यांनी सोमवारी किंवा गुरुवारी दुपारी यावे.